हौसेचीही हजेरी लागते

(१९८५ साली दहावी झालेल्या आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)





संयोजकांनी मला विषय दिला, ‘नोकरी आणि छंद यांची सांगड’. मी फोनवर म्हटलं, “अरे, माझी सांगड बसली असं तुला कुणी सांगितलं?” तो म्हणाला, “ते तू ठरव. पंधरा मिनिटं बोल, आणि पॉवरपॉइंट आणू नकोस.” ज्या धंद्यात मी ३१ वर्षं काढली तिथे स्लाइडशिवाय कुणी तोंड उघडत नाही. तेव्हा अडखळले तर सांभाळून घ्या.

ज्यांची माझी गाठ चाळीस वर्षांनी पडतेय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९९२ मध्ये मी एमबीए करून एका मोठ्या कंपनीत लागले. कपड्यांची पावडर, साबण, चहा, असल्या रोजच्या वस्तूंचं मार्केटिंग केलं. दोन वर्षांपूर्वी नोकरी संपवली. आणि या सगळ्या काळात, मधली काही वर्षं सोडली तर, हौशी नाटकांची प्रकाशयोजना करत आले. माझं नाव पत्रिकेवर नेहमी खालून दुसरं असतं. त्याच्याखाली फक्त ‘विशेष आभार’.

हे सुरू कुठे झालं, ते तुम्ही पाहिलेलं आहे. नववीचं गॅदरिंग. आपले विज्ञानाचे सर, जे आज आपल्यात नाहीत, त्यांनी मिठाच्या पाण्याचा डिमर केला होता. लोणच्याची एक मोठी चिनी मातीची बरणी, तीत मिठाचं पाणी. एक पत्रा तळाशी आणि दुसरा दोरीला टांगलेला. वरचा पत्रा खाली सोडला की दिवा उजळायचा, वर ओढला की मंद व्हायचा, पाण्याबाहेर काढला की अंधार. आज कुठल्या शाळेत असं काही केलं तर मुख्याध्यापकांना घरी बसावं लागेल, इतका तो धोकादायक प्रकार होता. पण विकतचा डिमर शाळेला परवडणारा नव्हता आणि सरांना पहाट हवी होती.

मी नाटकात नव्हते. स्टेजवर माझी बोबडी वळायची, हे बाईंना आठवत असेल. दिवे बांधायला शिडीवर चढायला निघाले, तर कुणीतरी म्हणालं, “मुलीनं शिडीवर चढायचं नाही.” सर म्हणाले, “तिला फ्यूज बसवता येतो. तुम्हाला येतो का?” विषय संपला. त्या रात्री दोरी माझ्या हातात होती.

सरांनी एक गोष्ट तेव्हा सांगितली होती. खेळ जसजसा पुढे जातो तसं बरणीतलं पाणी तापतं. तापलेल्या पाण्यातून वीज जास्त वाहते. म्हणजे पहिल्या प्रवेशात दोरीच्या ज्या खुणेवर पहाट झाली होती, त्याच खुणेवर तासाभरानं दुपार होते. सर म्हणाले, “दोरीवरच्या खुणेकडे बघू नकोस. स्टेजवरच्या माणसाच्या तोंडाकडे बघ.” पुढे मी मार्केटिंगची बरीच पुस्तकं वाचली. इतकं उपयोगी वाक्य त्यांत फार वेळा सापडलं नाही.

आपल्या सांगलीत नाटकाचं वेड असणं यात कौतुकाचं काही नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं. ‘शारदा’ लिहिणारे देवल आपल्या हरिपूरचे. खाडिलकर सांगलीचे. इथे भडंगाइतकंच नाटक घरोघरी. त्यामुळे कॉलेजात मी एकांकिकांचे दिवे करत होते याची घरी कुणी दखलही घेतली नाही. दखल घेतली गेली ती नोकरी लागल्यावर. आई म्हणाली, “आता ते शिडीबिडीचं बंद ना?” मी म्हटलं, “हो.” आणि खरंच बंद झालं.

कारण माझी पहिली नेमणूक सोलापूरला. मार्केटिंगवाल्यांना आधी विक्री करायला पाठवतात, आणि ते योग्यच आहे. बार्शी, तुळजापूर, उस्मानाबाद हा माझा भाग. सकाळी वितरकाच्या गोदामात जायचं, सेल्समनबरोबर टेम्पोत बसायचं, दिवसाला चाळीस-पन्नास दुकानं. दुकानदार सेल्समनशी बोलायचे आणि माझ्याकडे पाहायचे. “मॅडम कशाला आल्यात?” “कंपनीच्या आहेत.” “हिशोब तपासायला?” महिनाअखेर आली की टार्गेटसाठी वितरकाच्या गळ्यात माल मारायचा आणि पुढच्या महिन्यात तोच माल खपवण्यासाठी त्याच्यासमोर गयावया करायची. दीड वर्षात मी विक्री शिकले, उधारी वसूल करायला शिकले, आणि आठवडी बाजारात चहाच्या टपरीवर बसून माणसं नुसती बघायला शिकले.

तिथे एक गोष्ट लक्षात राहिली, तेवढी सांगते. कारण छंदाचा नोकरीला काय उपयोग झाला, हे हमखास विचारतात. पुढे मी मुंबईला ब्रँडच्या कामाला आले. नव्या पुड्याचा रंग ठरत होता. गडद निळा, फार देखणा. मीटिंगच्या खोलीत ट्यूबलाइटखाली सगळ्यांनी पसंत केला. मला मात्र बार्शीकडची दुकानं दिसत होती. चाळीस वॉटचा पिवळा बल्ब, त्यावर धूळ. बल्बच्या उजेडात निळा भाग फार कमी असतो. त्याच्याखाली गडद निळं काळपट दिसतं. नाटकात निळा शालू नेसलेली नायिका अशा उजेडात सुतकात असल्यासारखी दिसते, हे मी कॉलेजात करून बसले होते. दुसऱ्या दिवशी मी होल्डर आणि बल्ब घेऊन गेले, खोलीतले दिवे बंद केले आणि पुडा त्याच्याखाली ठेवला. कुणी काही बोललं नाही. निळा फिका केला, पांढरा पट्टा रुंद केला.

त्यानं खप वाढला का? सांगता येत नाही. त्याच महिन्यात एकावर एक मोफतची स्कीमही होती. आणि खरं सांगायचं तर छंदाचा नोकरीला असा थेट उपयोग ३१ वर्षांत दोनदाच झाला. ‘छंद जोपासा, करिअरला फायदा होतो’ असं कुणी व्यासपीठावरून सांगत असेल, तर त्याला विचारा, किती वेळा?

मुंबईत मला नाटक परत मिळालं, ते आपल्याच वर्गातल्या एका मुलामुळे. तो बँकेत होता. संध्याकाळी बँकवाले, एलआयसीवाले, एक-दोन मास्तर असे जमून स्पर्धेचं नाटक बसवायचे. बाहेरच्यांना वाटतं हौशी रंगभूमी म्हणजे कॉलेजची मुलं. तिचा कणा म्हणजे ही साडेपाचला कचेरी सुटणारी माणसं. लोकलमध्ये उभ्यानं संवाद पाठ करतात, तालमीला येताना वडापाव आणतात आणि शेवटची गाडी पकडतात. तो दिग्दर्शक, मी दिवे. पाच वर्षं आम्ही एकत्र नाटकं केली.

तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेऊ नकोस म्हणालाय, म्हणून घेत नाही. पण पुढचं सांगायला त्याची परवानगी घेतली आहे.

१९९९ मध्ये राज्य नाट्य स्पर्धेत आमचं नाटक होतं. तीन महिने तालमी. ४२ क्यू. म्हणजे ४२ वेळा उजेड बदलणार. ते सगळे माझ्या डोक्यात होते. कागदावर एकही नव्हता. तो दोनदा म्हणाला, “लिहून ठेव गं.” मी म्हटलं, “माझ्या बोटांत आहेत.”

प्रयोगाच्या तीन दिवस आधी वरिष्ठांनी बोलावलं. नव्या पावडरीचं विदर्भातलं अनावरण नागपूरला होतं आणि जे जाणार होते ते आजारी पडले. “तू जाशील?” मी “हो” म्हटलं. तारीख तीच होती. नंतर मी सगळ्यांना सांगितलं की मला नाही म्हणताच आलं नाही. ते खरं नव्हतं. नाही म्हणता आलं असतं की नाही, हे मला माहीतच नाही, कारण मी विचारलंच नाही. तिथे दिल्लीचे साहेब येणार होते आणि मला तिथे दिसायचं होतं.

नागपूरच्या हॉटेलातून एसटीडीवर मी एका नव्या मुलाला क्यू सांगितले. फोन दोनदा कटला. शेवटच्या प्रवेशात म्हातारा खिडकीशी उभा आहे आणि चाळीस सेकंदांत उजेड हळूहळू जायचा आहे. त्यात त्याची शेवटची दोन वाक्यं. त्या मुलानं एकदम अंधार केला. लोकांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याचं काम करणारे काका अंधारात, टाळ्यांच्या आवाजात, ती दोन वाक्यं पूर्ण म्हणाले. कुणालाही ऐकू आली नाहीत. ते पोस्टातून त्याच वर्षी निवृत्त होणार होते. त्यांचं ते शेवटचं नाटक ठरलं.

माझा मित्र माझ्यावर ओरडला नाही. आठवड्यानं घरी एक खोकं आलं. त्यात माझी पक्कड, टेस्टर आणि जिलेटीन कागदाच्या पट्ट्या, रंगवार लावून, दोऱ्यानं बांधलेल्या. चिठ्ठी नव्हती. त्यानंतर ११ वर्षं आम्ही बोललो नाही.

आणि ज्या पावडरीसाठी मी नागपूरला गेले, ती दीड वर्षात बाजारातून गेली. आज तिचं नाव आठवायला मलाही क्षणभर थांबावं लागतं.

त्या खोक्याकडे बघून मला पुष्कळ दिवस वाटायचं की नोकरीनं माझ्या छंदावर अन्याय केला. मग एकदा कंपनीतल्या माझ्या फायली आवरताना लक्षात आलं. तिथे प्रत्येक गोष्ट लिहिलेली होती. मी उद्या आले नाही तर कुणी काय करायचं, कुणाला फोन करायचा, सगळं. नाटकात मात्र काहीही लिहिलेलं नव्हतं. का? कारण माझ्याशिवाय अडलं पाहिजे, असं मला आतून वाटत होतं. नोकरी म्हणजे जबाबदारी आणि नाटक म्हणजे माझं स्वतःचं, माझ्या मर्जीचं. छंद मन रमवायला असतो म्हणतात. एकट्याचा असेल तर असेलही. पण ज्यात दुसरी माणसं आपल्या भरवशावर प्रकाशात उभी राहतात, त्या हौसेची हजेरी नोकरीसारखीच लागते. तिथला खाडा पगारातून कापला जात नाही, दुसऱ्याच्या तोंडच्या वाक्यातून कापला जातो.

मग मी काय केलं? तीन वर्षं काहीच नाही. नंतर दुसऱ्या एका छोट्या संस्थेत परत सुरुवात केली आणि स्वतःला नियम घालून घेतले. वर्षाला एकच नाटक. प्रयोगाच्या तारखा कळल्या की दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांना लेखी द्यायच्या, रजेच्या अर्जासकट. तुम्हाला वाटेल हसतील. एकजण हसले. बाकीच्यांनी कॅलेंडरवर खूण केली. उलट महिन्याचे शेवटचे पाच दिवस विक्रीचे, त्या दिवसांत तालीम मागायची नाही. प्रत्येक क्यू कागदावर. आणि प्रत्येक नाटकात माझ्या शेजारी दुसरं कुणीतरी बसलं पाहिजे, ज्याला ते सगळं माझ्याइतकंच येतं. या शेवटच्या नियमाचा त्रास फार झाला. शिकवलेल्या मुलांपैकी तिघं आज माझ्याहून चांगले दिवे करतात.

नियम केले म्हणून किंमत चुकली असं नाही. २००६ मध्ये मला गुडगावला मोठी जागा देऊ केली. मी नाही म्हटलं. मुलगी नववीत आहे, सासूबाईंची तब्येत बरी नसते, असं सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं. पण त्यात नाटकही होतं, हे आज पहिल्यांदा चारचौघांत सांगते. दोन वर्षांनी मी ज्याला काम शिकवलं होतं तो माझा साहेब झाला. पहिले सहा महिने फार जड गेले. तोही बिचारा मला ‘मॅडम’ म्हणताना अडखळायचा.

आणि घर. माझ्या तालमींच्या दिवसांत सासूबाईंनी कुकर लावला, नवऱ्यानं मुलीचा अभ्यास घेतला. मी घरी यायचे तेव्हा ताट झाकलेलं असायचं. मुलगी एकदा म्हणाली, “माझ्या गॅदरिंगला तू आली नाहीस, दुसऱ्यांच्या नाटकाला गेलीस.” त्याला उत्तर नव्हतं, आजही नाही. माझ्या छंदाची गोष्ट सांगताना या तिघांची नावं पत्रिकेवर माझ्यावर हवीत.

आपली मुलं आता तिशीच्या आसपास आहेत. ती विचारतात, आवडीचं करू की पोटापाण्याचं? मी त्यांना आपल्याच भागातल्या आणि भाषेतल्या माणसांकडे बघायला सांगते. डॉ. श्रीराम लागू साताऱ्यात जन्मलेले. कान-नाक-घशाचे शल्यविशारद. १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर गेले. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचं काम करत होते आणि १९७४ मध्ये त्यांचं ‘महानिर्वाण’ रंगमंचावर आलं. त्यांनी नोकरी सोडली नव्हती. कोल्हापूरचे अरुण कोलटकर माझ्याच जगातले, जाहिरातीच्या धंद्यातले नावाजलेले ग्राफिक डिझायनर. त्यांच्या ‘जेजुरी’ला १९७७ चं राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळालं. कुणी सोडलं, कुणी धरून ठेवलं. यातला अमुक रस्ता बरोबर असं मला दिसत नाही. तिघांनीही दोन्ही कामं चोख केली, एवढंच दिसतं.

अर्थात ही मोठी माणसं. आपण बहुतेक जण त्या रांगेतले नाही. मी केलेले दिवे कुणी लक्षात ठेवणार नाही, आणि मी विकलेली पावडर तर धुऊनच गेली. पण साडेपाचनंतर माणसं जिथे जमतात तिथे आपलीही एक खुर्ची आहे आणि आपण आलो नाही तर कुणीतरी दाराकडे बघतं, हे ३१ वर्षं माझ्या आयुष्यात होतं. ज्या दिवशी नोकरी संपली त्या दिवशी ते अजून होतं. माझ्या बरोबरीचे साहेब निवृत्तीनंतर फोन वाजत नाही म्हणून कासावीस झालेले मी पाहिलेत. मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला तालीम होती.

आता तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांचं राहिलं. त्या ११ वर्षांत त्याचं प्रत्येक नाटक मी पाहिलं, मागच्या रांगेत बसून. २०१० मध्ये एक नाटक तीनदा पाहिलं, त्याचे सगळे क्यू वहीत उतरवले आणि प्रयोगानंतर आत जाऊन वही त्याच्या हातात दिली. म्हटलं, “तुझ्या दिव्यांच्या मुलाला उपयोगी पडेल.” त्यानं उभ्या उभ्या सगळी पानं चाळली. मग म्हणाला, “एकवीस नंबर चुकलाय. तो वाक्याच्या आधी आहे.” मी म्हटलं, “बरं.” तो म्हणाला, “गुरुवारी तालीम आहे. सातला. ये.”

आम्ही माफी वगैरे काही बोललो नव्हतो. ती मी आज, तुमच्या सगळ्यांसमोर, मागते. त्याची आणि त्या काकांची. काका आज हयात नाहीत. त्यांची ती दोन वाक्यं मला पाठ आहेत.

आता जेवणाआधी आपल्याच वर्गातली सहा माणसं एक छोटा प्रवेश करणार आहेत. दिग्दर्शन त्याचंच. आणि दिवे? दिवे शाळेतली नववीची एक मुलगी करणार आहे. शिडीवर तीच चढली, कुणी अडवलं नाही. तिच्यापुढे क्यूंचा कागद आहे, एका पानाचा. आता मिठाचं पाणी नाही, साधी सरकपट्टी आहे आणि तिच्यावर आकडे आहेत. मी तिला एवढंच सांगितलंय की आकड्याकडे बघू नकोस, माणसाच्या तोंडाकडे बघ.

मी खाली येऊन तुमच्यात बसते. आज मला काही काम नाही.